मत चुकलं, ते मोजलं कुणी? मतदान यंत्रांची तुलना आणि संख्याशास्त्राच्या कसोट्या

आजचा विषय ऐकून काही जण दचकले असतील. मतदान यंत्र म्हटलं की आपल्याकडे एकच वाद ऐकू येतो, मशीन हॅक होतं की नाही. त्या वादात आज आम्ही शिरणार नाही. त्याच्या शेजारी एक दुसरा प्रश्न कधीचा उभा आहे आणि त्याला कुणी बस म्हणत नाही. मशीन अगदी प्रामाणिक आहे असं धरलं, तरी मतदाराच्या मनातलं मत आणि बटणाखाली गेलेलं मत एकच असतं का? दोन प्रकारची यंत्रं असतील तर कुठल्या यंत्रावर माणूस जास्त चुकतो? आणि हे ठरवण्यासाठी ज्या संख्याशास्त्रीय कसोट्या वापरतात, त्या कितपत भरवशाच्या? आमची टीका मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नावर आहे.

सुरुवात घरातूनच करू. आपण पेण आणि रोह्याची माणसं रायगड लोकसभा मतदारसंघात मतदान करतो. २०१४ चा निकाल आठवा. अनंत गीते निवडून आले, सुनील तटकरे हरले. फरक फक्त २,११० मतांचा. त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांना मतं पडली ९,८४९.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. ९,८४९ पैकी साधारण साडेएकवीस टक्के, म्हणजे पाचातल्या एकाहून थोडे जास्त मतदार जरी नाव वाचून चुकले असतील, तरी निकाल फिरला असता. ते खरंच चुकले होते का? हे आम्ही सांगू शकत नाही, आणि कुणीही छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मत गुप्त आहे. मतदाराच्या मनात काय होतं याची नोंद कुठेही नाही. मोजणीच्या टेबलावर चुकीचं मत आणि बरोबर मत एकसारखंच दिसतं. आजच्या विषयाची अडचण इथेच आहे.

कागद बाद व्हायचा, मशीन बाद होत नाही

जरा मागे जाऊ. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. शिक्का मारायची भानगडच नव्हती. त्या निवडणुकीत इथल्या कुलाबा मतदारसंघातून निवडून आले ते चिंतामणराव देशमुख. रोह्याशी त्यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ वीस वर्षं ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. म्हणजे निवडणूक आणि संख्याशास्त्र ही जोडी आपल्या मातीला काही परकी नाही.

पुढे शिक्का मारायची मतपत्रिका आली. तिच्यावर चूक दिसायची. शिक्का रेषेवर पडला, दोन ठिकाणी पडला, मत बाद. एकेका मतदारसंघात अशी हजारो मतं बाद व्हायची. मग यंत्र आलं. १९८२ मध्ये केरळातल्या परूर इथे पहिला प्रयोग झाला, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून ते मतदान रद्द ठरवलं, मग कायदा बदलला, आणि २००४ ला सगळ्या देशाने लोकसभेसाठी बटण दाबलं. बाद मत जवळपास संपलं.

याचं कौतुक व्हायला हवंच. ब्राझीलचं उदाहरण बघा. तिथे १९९८ च्या निवडणुकीत ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांना यंत्र मिळालं, त्याखालच्यांना कागदच राहिला. थॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञाने या रेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांची तुलना केली. ४०,४०० आणि ४०,६०० मतदारांच्या गावांत दुसरा काय मोठा फरक असणार? पण यंत्र असलेल्या गावांत वाया जाणारी मतं अकरा-बारा टक्केबिंदूंनी घटलेली होती. ज्यांची मतं आधी वाया जात होती ते बहुतेक कमी शिकलेले लोक होते. यंत्राने त्यांना खऱ्या अर्थाने मताधिकार दिला. तुलना कशी करावी याचा हा चांगला नमुना आहे.

पण एक मेख आहे. बाद मत कमी झालं म्हणजे चूक कमी झाली असं नाही. मत न पोचणं ही एक चूक, मत दुसऱ्याला पोचणं ही दुसरी. यंत्राने पहिली पुसली. दुसरी तशीच राहिली, आणि आता ती दिसतही नाही. कागदावरचा चुकलेला शिक्का निदान बाद मतांच्या गठ्ठ्यात सापडायचा. बटणाची चूक सरळ कुणाच्या तरी बेरजेत जाते.

निकालातून चूक शोधायची कशी

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची रचनाच अशी होती की नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधे. पॅट बुकॅनन या उमेदवाराला तिथे अनपेक्षितपणे ३,४०७ मतं पडली. सगळ्या राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला होता. संशोधकांनी एक साधी युक्ती केली. त्याच काउंटीतल्या टपाली मतदारांना वेगळ्या रचनेची मतपत्रिका होती. तिथे बुकॅननना मिळालेला वाटा आणि मतदान केंद्रावर मिळालेला वाटा ताडून पाहिला. केंद्रावरचा वाटा जवळपास चौपट निघाला. मतदार त्याच गावचे, उमेदवार तेच, बदललेली गोष्ट मुख्यतः कागदाची रचना. इथे कसोटी बोलते, कारण तुलना नीट लावलेली आहे.

२००६ ला तिथेच सारासोटात यंत्रावर सुमारे १८,००० मतदारांनी एका लढतीत मतच नोंदवलं नाही. यंत्रावर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास, टपाली मतांत अडीच टक्के. निकाल लागला ३६९ मतांनी. एकाच पडद्यावर दोन लढती मांडल्या होत्या, त्यात ही लढत नजरेतून सुटली, हे त्याचं बहुतेकांना पटलेलं स्पष्टीकरण.

आता आपल्याकडे या. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. हरलेल्या शशिकांत शिंदे यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. दुसऱ्या एका अपक्षाचं चिन्ह नुसती 'तुतारी', लोक जिला पिपाणी म्हणू लागले. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं. लगेच निष्कर्ष निघाला की पिपाणीने निकाल फिरवला. थांबा. निकाल फिरायला त्या ३७,०६२ मधले ८८ टक्क्यांहून जास्त लोक चुकलेले असायला हवेत. रायगडात साडेएकवीस टक्के पुरत होते, इथे अठ्ठ्याऐंशी लागतात. दोन्ही दावे कानाला सारखेच वाटतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. दिंडोरीत तर तुतारीवाल्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली, आणि तरीही 'तुतारी वाजवणारा माणूस' हेच चिन्ह असलेले भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी जिंकले. तिथे निकाल फिरला नाही. गोंधळ मात्र तितकाच अभ्यासायला हवा होता.

अजून एक बघा. २०१४ ला रायगडात मतपत्रिकेवर फोटो नव्हता. २०१५ पासून निवडणूक आयोगाने उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली, नामबंधूंचा गोंधळ टळावा हाच हेतू. मग २०२४ ला फोटो असूनही दिंडोरीत एका अपक्षाला लाखावर मतं कशी? कदाचित आपला मतदार फोटो बघतच नाही, चिन्ह बघतो. कदाचित फोटो फार लहान आहे. कदाचित त्या मतांतली काही खरीही असतील. कुठली 'कदाचित' खरी हे निकालाच्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी चाचणी घ्यावी लागते. फोटो आणण्याआधी आणि आणल्यानंतर, फोटो असलेली आणि नसलेली मतपत्रिका साध्या मतदारांच्या हातात देऊन मोजलेला फरक लोकांसमोर मांडायला हवा होता. इतका मोठा बदल, आणि त्याचा उपयोग किती झाला याचा आकडा चर्चेतच नाही. ही आमची पहिली तक्रार.

चाचणी म्हणजे नेमकं काय

चाचणीत माणसाला आधीच सांगतात, तुमचं मत अमक्याला. मग तो बटण दाबतो. सांगितलेलं आणि दाबलेलं ताडता येतं, म्हणजे गुप्त मताची अडचण सुटते. अमेरिकेत राइस विद्यापीठात मायकेल बर्न आणि सहकाऱ्यांनी कागद, भोकवाली कार्डं आणि जुनी खटक्याची यंत्रं अशी तपासली. साधारण तीन गोष्टी मोजतात: किती चुकले, किती वेळ लागला, वापरणाऱ्याला समाधान वाटलं का.

त्यांच्याच गटातल्या सारा एव्हरेट यांचं काम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मत दिल्यानंतर दिसणाऱ्या शेवटच्या पडद्यावर मुद्दाम मतं बदलून दाखवली. निम्म्याहून जास्त लोकांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि यंत्र आवडलं का विचारल्यावर ते 'छान आहे' म्हणाले. म्हणजे समाधान आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती किती जण वाचतात, आणि वाचून चूक ओळखतात? 'तक्रारी फार कमी आल्या' हे त्याचं उत्तर होत नाही. चिठ्ठी चुकीची आली असं म्हणणाऱ्याला लेखी द्यावं लागतं, आणि चाचणी मतात तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. वीटभट्टीवरून एका दिवसासाठी गावी आलेली कातकरी बाई हे धाडस करेल का? ज्या मापकाला बोलायचीच भीती घातली आहे, त्याचा शून्य आकडा शून्य धरायचा नसतो.

कसोट्यांचा गैरवापर

आता थोडं गणित. घाबरू नका, आकडेमोड आम्ही करून आणली आहे. ही उदाहरणं काल्पनिक आहेत, हे मात्र लक्षात ठेवा.

समजा पहिल्या मशीनवर १०० जण बसवले, ४ चुकले. दुसऱ्यावर १००, चुकला १. फिशरची कसोटी लावली तर पी-मूल्य येतं ०.३७. अहवालात लिहिलं जातं, 'दोन यंत्रांत सार्थ फरक नाही'. वाचणारा समजतो, दोन्ही सारखीच. हे साफ चूक आहे. कसोटीने इतकंच सांगितलं की एवढ्याशा माणसांवरून फरक ओळखता येत नाही. अंधारात हात फिरवला आणि साप लागला नाही, म्हणून घरात साप नाही असं कुणी म्हणत नाही.

दुसरं. १०० जणांत एकही चुकला नाही. टाळ्या! पण तीनाचा नियम सांगतो, खरी चूक तरीही ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. तीन भागिले शंभर, इतकं साधं. आणि रायगडचा २०१४ चा निकाल किती टक्क्यांनी लागला? दहा लाखांच्या आसपास मतदानात २,११० म्हणजे जेमतेम ०.२ टक्के. चूक ०.२ टक्क्यांच्या खाली आहे असं म्हणायचं असेल तर १,५०० माणसं बसवा, आणि त्यांतला एकही चुकता कामा नये. एका मशीनवर १ टक्का चूक आणि दुसऱ्यावर अर्धा, हा फरक ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक मशीनवर साडेचार हजारांच्या वर माणसं लागतात. शंभर माणसांचा अभ्यास करून यंत्राला प्रमाणपत्र देणं म्हणजे ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं.

तिसरं. माणसं कमी असतील तर रचना सुधारा. त्याच माणसाला दोन्ही मशीन द्या, अर्ध्यांना हे आधी, अर्ध्यांना ते आधी. समजा २०० जण आले. दोन्हीवर चुकले ६, फक्त पहिल्यावर १२, फक्त दुसऱ्यावर ३. कुणी १८ विरुद्ध ९ असा काय-वर्ग लावला तर पी-मूल्य ०.०७, म्हणजे 'सार्थ नाही'. पण ही माणसं तीच आहेत, त्यामुळे इथे मॅकनेमरची कसोटी हवी. ती फक्त १२ आणि ३ कडे बघते, आणि पी-मूल्य येतं ०.०३५. आकडे तेच, कसोटी बदलली आणि निष्कर्ष बदलला. म्हणून कुठली कसोटी लावणार हे माणसं बोलावण्याआधी लिहून ठेवायचं असतं. नंतर आवडती निवडली तर ती कसोटी राहत नाही, वकिली होते.

चौथं, माणसं कुठली? पेणच्या कॉलेजातली तीनशे मुलं बसवली तर उत्तर त्या मुलांपुरतं. वाड्यांवर गेलात, दहा वाड्या आणि प्रत्येकी तीस जण, तरी ते तीनशे धरता येत नाहीत. एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात, एकमेकांकडून शिकतात. हे साम्य अगदी ०.०५ इतकं थोडं धरलं, तरी तीनशेचं वजन सव्वाशेच्याही खाली येतं.

पाचवं, वेळ. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ३९,६०० सेकंद. केंद्रावर हजार मतदार आले तर प्रत्येकाला चाळीसेक सेकंद. अहवालात सरासरी देतात, तीस सेकंद, उत्तम. पण वेळेचं वाटप एका बाजूला लांब शेपटीचं असतं. बहुतेकांना वीस सेकंद, काहींना तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत मागची रांग कुजबुजते, अधिकारी 'लवकर करा आजी' म्हणतो, आणि आजी हाताला येईल ते बटण दाबते. सरासरीत आजी दिसत नाही.

आपल्यापुढची खरी तुलना

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मशीन एकच, तुलना कशाशी? एकच नाही. लोकसभा-विधानसभेला एक मत, एक बटण, सोबत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. नगरपरिषदेला पेणमध्ये काय, रोह्यात काय, नगराध्यक्ष थेट निवडायचा आणि प्रभागात दोन सदस्य असतील तर एका मतदाराची तीन मतं. वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, आणि राज्य निवडणूक आयोगाच्या या यंत्रांना व्हीव्हीपॅट नाही. ग्रामपंचायतीला सरपंच आणि सदस्य, पुन्हा अनेक मतं. म्हणजे तोच मतदार आयुष्यभर दोन वेगवेगळ्या रचनांवर मतदान करतो. मॅकनेमरला याहून चांगलं काय हवं?

आमची सूचना अशी. दोन्ही शहरांतून आणि आसपासच्या वाड्यांतून माणसं घ्या. साठीच्या पुढच्या बाया, न वाचता येणारे, नजर कमी झालेले, यांची संख्या मुद्दाम जास्त ठेवा. मत कुणाला द्यायचं ते तोंडी सांगा, चिठ्ठीवर लिहून नको, नाहीतर मशीनऐवजी साक्षरताच तपासली जाईल. यादीत एक नामबंधू ठेवा, एक सारखं दिसणारं चिन्ह ठेवा. अर्ध्यांना फोटोसह, अर्ध्यांना फोटोशिवाय. आणि निकालात फक्त पी-मूल्य नको. फरक किती, आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, हा पल्ला छापा.

जाता जाता एक गोष्ट वेगळी करून ठेवतो. २०१९ मध्ये अभय भट यांच्या समितीने आयोगाला सांगितलं की देशभरातल्या ४७९ यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या तर पुरे. दोन टक्के यंत्रं सदोष असतील तर त्यांतलं एक तरी सापडेलच, हे गणित बरोबर आहे. पण ते साऱ्या देशाला एकच ढीग मानतं. आता प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच, म्हणजे रायगड लोकसभेत तीस यंत्रं मोजतात. दोन टक्के सदोष असतील तर तीसात एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात पंचेचाळीस. आणि चिठ्ठ्यांची मोजणी तपासते ती यंत्राची चूक. चिठ्ठी आणि यंत्र शंभर टक्के जुळले, तरी माणसाची चूक दोन्हीकडे सारखीच छापलेली असते.

दरवेळी एक प्रश्न येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. मग तुम्ही कागदाच्या बाजूचे की मशीनच्या? आम्ही मोजण्याच्या बाजूचे. कागदावर परत जा म्हणणाऱ्यांनी बाद मतांचा हिशोब द्यावा, मशीन उत्तम म्हणणाऱ्यांनी चुकलेल्या मतांचा. तो हिशोब आज दोघांकडेही नाही. निकाल ऐंशी हजारांनी लागतो तेव्हा हे कुणाला खटकत नाही. पण याच मतदारसंघात तो एकदा २,११० मतांनी लागलेला आहे, आणि ९,८४९ मतांचा अर्थ आपल्याला आजही लावता येत नाही.

इथे थांबतो. गणितात कुठे शंका असेल तर आधी ती विचारा, राजकारणावर नंतर बोलू.